विमान केवढे असावे?



विमान केवढे असावे, या एका प्रश्नावरून आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर लागोपाठ सहा रविवार वाद झाला. सकाळची वंदना आटोपायची, मुले संस्कारवर्गाला आत बसायची आणि आम्ही पाच जण बाहेर ओट्यावर बसून एकमेकांवर आवाज चढवायचो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चुकला. विमानाचे नाव कानावर पडले की मात्र माणसे हसत पुढे जात. नळाचे पाणी, रेशनचा तांदूळ, कंत्राटदाराने अडवलेला पगार यांवरून आमच्याकडे भांडणे होतात. विमानावरून झालेले हे पहिलेच.

हे विमान माणसे बसण्याचे नव्हे, आणि जत्रेतल्या खेळण्यातलेही नव्हे. खऱ्या कसरतीच्या विमानाची ही लहान प्रतिकृती. जमिनीवर उभे राहून हातातल्या रिमोटने ती उडवायची. ती उलटी उडते, गिरक्या घेते, सरळ वर चढून शेपटीवर उभी राहते. आत पेट्रोलवर चालणारे इंजिन असते. या जातीतले लहान विमान घेतले तरी पंखांची लांबी साडेसहा फूट भरते आणि मोठे जवळजवळ दहा फुटांवर जाते. म्हणजे आमच्यातल्या कित्येकांच्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

आम्ही पाच जण कोण, ते आधी सांगतो. मामा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मिगपासून सुखोईपर्यंत विमानांवर त्यांनी हात चालवला. दादा स्वतःचा छोटा हत्ती चालवतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा माल पोहोचवतात. भाऊ डेकोरेटर. जयंतीच्या चित्ररथावर थर्मोकोलची दीक्षाभूमी आणि सांचीचे तोरण करावे तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती होती. २०१८ मध्ये राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून ते पुठ्ठा आणि प्लायवर आले. चौथी मामांची भाची, वय वर्षे वीस. आणि पाचवे आम्ही, हिशेबाची वही सांभाळणारे.

या सगळ्याच्या मुळाशी भाची आहे. ती कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होती. या विंगमध्ये कवायतीबरोबर विमानांच्या प्रतिकृती बनवायला आणि उडवायला शिकवतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते. एनसीसी म्हटले की आपल्याला खाकी आणि बूटच दिसतात. मुलींनाही त्यात प्रवेश असतो, आणि एअर विंगचे 'सी' सर्टिफिकेट हाती असले तर वायुदलाच्या अधिकारी भरतीत एनसीसीच्या वेगळ्या वाटेने अर्ज करता येतो. आपल्या मुलीचे कॉलेज सुरू होत असेल तर पहिल्याच आठवड्यात चौकशी करा. असो.

भाचीने पुढे जुन्या बाजारातून फोमचे, बॅटरीवर चालणारे चार फुटी विमान घेतले आणि दोन वर्षे उडवले. ते विमान पतंगासारखे हलके. सिन्नरकडच्या माळावर वारा सुटला की ते पाचोळ्यासारखे भिरभिरायचे. तिचा हात बसला होता, विमान पुरेनासे झाले होते. मग मामांनी विषय काढला, की पोरीला खरे विमान करून द्यायचे. त्या दिवसापासून वाद सुरू झाला.

या विमानांचे माप इंजिनाच्या सीसीत बोलतात. आमच्या पिढीला सीसी म्हटले की लुना आठवते. १९७२ साली आलेली ती लुना ५० सीसीची. नवरा-बायको मागे-पुढे आणि मध्ये पोर, अशी तिघे तिच्यावरून लग्नाला जायची. तेवढ्या मापाचे इंजिन या विमानाच्या नाकात बसते, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे तेही लुनासारखेच. जर्मनीचे एक्स्ट्रा ३०० हे कसरतीचे नामांकित विमान, १९८८ मध्ये प्रथम उडालेले. त्याचा एकट्या वैमानिकाचा एस हा प्रकार पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसात मीटरचा. त्याची सव्वीस टक्के मापाची प्रतिकृती केली तर पंख ७८ इंचांचे होतात. त्याला ३० ते ३५ सीसीचे इंजिन लागते, वजन पाच-साडेपाच किलो. तीस टक्के घेतले तर ८८ इंच, ५० ते ६० सीसी, वजन आठ किलोच्या आसपास. पस्तीस टक्के म्हणजे १०४ इंच, १०० ते १२० सीसी, वजन बारा किलो. आणि चाळीस टक्के म्हणजे ११८ इंच, त्याला दीडशे-दोनशे सीसी. ते आमच्या बोलण्यातही नव्हते. दादा एकदा बोलून गेले, तेव्हा त्यांच्या घरातून वहिनी ओट्यावर आल्या आणि "आधी टेम्पोचे टायर बघा" एवढेच म्हणून गेल्या.

पैशाचा आकडा आमच्या वहीत असा होता. चौघांनी मिळून प्रत्येकी ४०,००० रुपये, दोन वर्षांच्या भिशीतून. एकूण १,६०,०००. भाचीकडून काही घ्यायचे नाही, असे ठरले होते. विमान मामा आणि भाऊ घरी बांधणार, म्हणजे मजुरीचा प्रश्न नव्हता. तरी इंजिन, पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या सर्व्हो मोटारी, रिसीव्हर, बॅटऱ्या, रिमोट हे विकतच घ्यावे लागते. पस्तीस सीसीचे विमान आमच्या हिशेबाने या रकमेत कसेबसे बसत होते. साठ सीसीला अडीच लाख लागत होते. एकशेवीसला नवे सामान घेतले तर पाच लाखांच्या वर.

तरीही सर्वांत मोठ्या विमानाची बाजू भाऊंनी धरली, आणि त्यांची बाजू हलकी नव्हती. ते म्हणाले, "आपण नेहमी कमीच का घ्यायचं? खोली लहान, शाळा लहान, पोरांचे कपडे थोरल्याचे धाकट्याला. एकदा तरी मोठं घेऊ द्या." त्यामागे एक प्रसंग होता. आम्ही एकदा दुसऱ्या शहरात विमाने उडवतात ते मैदान पाहायला गेलो होतो. तिथे एका गृहस्थाने मामांना विचारले, "कोणाचं विमान धरायला आलात?" मामांनी तीस वर्षे विमाने जुळवली. ते काही बोलले नाहीत. पण भाऊंच्या ते मनात राहिले. पुढच्या वेळी असे विमान न्यायचे, की विचारणाऱ्याने आधी विमान पाहावे आणि मग आपल्याकडे पाहावे, असा त्यांचा हट्ट. आम्हा सर्वांनाच तो हट्ट कळत होता. म्हणून तर वाद सहा रविवार चालला.

शिवाय मोठे विमान चांगले उडते, हे खोटे नाही. वाऱ्याचा झोत त्याला हलवू शकत नाही, लांबून स्पष्ट दिसते आणि कसरत सावकाश, डौलात होते. मामांनी हे संस्कारवर्गाच्या फळ्यावर खडूने समजावले, तेव्हा आत बसलेली मुलेही उठून बाहेर आली. विमान दुप्पट मोठे केले तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट. मामांच्या भाषेत, कापड चौपट, लाकूड आठपट. आता ७८ वरून १०४ वर जा. लांबी सव्वा पटीहून थोडी जास्त, १.३३. क्षेत्रफळ १.७८ पट. वजन २.३७ पट. सव्वापाच किलोचे साडेबारा किलो होतात. पंखाच्या प्रत्येक तुकड्यावर १.३३ पट भार आला. हा जास्तीचा भार उचलायला वेग वाढवावा लागतो, पण तो वर्गमुळाने वाढतो, म्हणजे १.१५ पट. अंग एक-तृतीयांशाने वाढले, वेग मात्र सहा-सात पैशांना एक पैसा वाढावा तेवढा. म्हणून मोठे विमान प्रत्यक्षात जोरात जात असते आणि डोळ्याला हळू दिसते. बैलगाडीशेजारून धावणारे शेरडू जसे घाईत वाटते, तसे लहान विमान घाईत वाटते.

भाऊ खूश झाले. "बघा, फळ्यावरसुद्धा मोठंच जिंकलं."

त्याच आठवड्यात एका शहरात १०४ इंची जुने विमान विकायचे आहे, असे कळले. मालक दोन लाखांत द्यायला तयार होता. दादांनी छोटा हत्ती काढला, आम्ही पाचही जण गेलो. विमान भिंतीला टेकवून ठेवले होते. लाल-पांढरे, चकचकीत. त्याच्याशेजारी भाची उभी राहिली तेव्हा शेपटीचे टोक तिच्या डोक्यावर बरेच वर गेले. आमच्यातल्या कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. चाळीस हजारांसाठी कर्ज काढू, असे आम्हीच पुटपुटलो, वही सांभाळणाऱ्यांनी! भाऊंनी तिथल्या तिथे ५,००० रुपये इसार दिला. मामा मात्र बोटाने ठकठक करत नाकापाशी गेले. इंजिन ज्या फळीवर बसते ती फळी एकदा फुटून पुन्हा चिकटवलेली होती, वरून रंग मारलेला. बारा किलोचे विमान, त्यात एकशेवीस सीसीचा हादरा, आणि फळी चिकटवलेली. मामा म्हणाले, "हे कारखान्यात असतं तर मी सही केली नसती." आम्ही परतलो. इसार परत मिळाला नाही. वहीत तो 'शिक्षण' या सदरात टाकला आहे.

परतताना आणखी एक गोष्ट कळली. समजा ते विमान घेतले असते, तर आणले कशातून असते? छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांचा. त्या विमानाचे नुसते धड आठ फुटांच्या वर. फळका उघडा ठेवून, शेपटी बाहेर काढून, खड्ड्यांतून सिन्नर फाट्यापर्यंत! पंख सुटे होतात, ते गादीत गुंडाळता येतात, पण धडाला जोड नसतो. मामांचे घर घरकुलाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दोन जिने आणि प्रत्येक जिन्याला वळण. विमान वर न्यायचे तर दोरीने गॅलरीतून चढवावे लागले असते, मयताची तिरडी उतरवतात तसे उलट. दादा हे बोलले तेव्हा मामी रागावल्या, पण बोलणे खरे होते. आकाशाला माप नसते हो. जिन्याला असते.

पुढच्या रविवारी वेगळाच पेच आला. वस्तीतल्या तरुण मंडळाला आमच्या भांडणाची गोडी लागली होती. ते म्हणाले, विमान मोठेच घ्या, वर्गणी आम्ही काढतो, पण १४ एप्रिलला मिरवणुकीवरून उडवायचे. खाली निळे झेंडे, वर आपले विमान, पोरीच्या हातात रिमोट. ऐकूनच अंगावर काटा आला. भाऊंनी तर त्याच्यामागे कोणती फुले उधळावीत, इथपर्यंत ठरवले.

मामा उठून उभे राहिले. आम्ही त्यांना एवढे चिडलेले कधी पाहिले नव्हते. त्यांनी पुन्हा फळा मागितला. १०४ इंची विमान ७८ इंचीच्या २.३७ पट जड आणि १.१५ पट वेगवान. वेगाचा वर्ग धरला तर आदळल्यावरचा मार तिपटीहून जास्त. आणि नाकावरचा पंखा? साठ सीसीला २३ इंचांचा पंखा लागतो. तो मिनिटाला पावणेसात-सात हजार वेळा फिरला तर त्याचे टोक ताशी साडेसातशे किलोमीटरच्या वेगाने जाते. एकशेवीस सीसीचा त्याहून मोठा, २७-२८ इंचांचा. "खाली लेकरं खांद्यावर बसून येतात," मामा म्हणाले. "एक सोल्डर सुटला, एक बॅटरी बसली, तर मी कोणाच्या दारात जाऊ? लहान विमानही नाही उडवायचं. मोठ्याचं तर नाव काढू नका." तरुण मंडळातला एक जण म्हणाला, टीव्हीवर तर सगळे उडवतात. त्याला मामांनी उत्तर दिले नाही. उत्तर कायद्यातही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी छंदाच्या आणि शिक्षणाच्या अशा विमानांना २५ किलोंपर्यंत सवलती दिल्या आहेत. पण ते डोळ्यासमोरच उडवावे लागते, आणि कुठे उडवावे याचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे ठरलेले आहेत. हिरव्या पट्ट्यात साधारण ४०० फुटांपर्यंत. नाशिकला ओझरचा विमानतळ एका बाजूला, देवळालीचा तोफखाना दुसऱ्या बाजूला. म्हणून आम्ही सिन्नरच्या पुढे, ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक माळावर, त्याला विचारून जातो. तिथे विंचू, बाभळी आणि आम्ही.

मोठेपणाची गंमत आणखी एका ठिकाणी उघडी पडली. भाचीने माहिती काढली, की अमेरिकेतली मोठ्या विमानांची एक संघटना एका जोडपंखाच्या विमानाला ८० इंच किंवा त्याहून जास्त असेल तरच 'मोठे' म्हणते. आमचे ७८. भाऊंनी कपाळाला हात लावला. "दोन इंचांसाठी आपण पुन्हा खालच्या यादीत!" मग तिनेच पुढचे वाचून दाखवले, की खऱ्या विमानाच्या चौथाई किंवा त्याहून मोठ्या मापाची प्रतिकृती असेल तरीही ती मोठ्यात धरतात. साडेसात मीटरचे चौथाई म्हणजे पावणेदोन मीटरच्या थोडे वर, ७४ इंच. आमचे ७८. भाऊंनी मान वर केली. त्या दिवशी त्यांनी सर्वांना चहा पाजला. ज्या संघटनेच्या दारात आम्ही कधी जाणार नाही, तिच्या यादीत बसल्याचा आनंद माणसाला होतो. आम्हालाही झाला, खोटे कशाला सांगा.

दादांनी मग तडजोड सुचवली. पस्तीस नको, एकशेवीस नको, साठ घेऊ. "तथागतांनी मध्यम मार्ग सांगितलाय." विहारातले बौद्धाचार्य आतून ऐकत होते. ते बाहेर येऊन म्हणाले, "मध्यम मार्ग म्हणजे दोन टोकांच्या मधोमध फूटपट्टी ठेवणं नव्हे. ज्याला दुखतंय त्याला विचारा." आणि चपला घालून निघून गेले.

तेव्हा आमच्या ध्यानात आले, की सहा रविवारांत आम्ही चौघे बोलत होतो. जिच्या हातात रिमोट जाणार होता तिने माहिती पुरवली होती, हिशेब तपासले होते, पण तिला काय हवे ते कोणी विचारले नव्हते. मामांनी विचारले.

ती म्हणाली, "मामा, मला मोठं आवडतं. स्वप्नात तेच येतं. पण कसरत वर करून काही शिकता येत नाही. विमान खाली आणावं लागतं, माणसाच्या उंचीवर उलटं न्यावं लागतं. तिथं चूक झाली की पडतं. पडणारच. पाच लाखांचं विमान असलं तर मी ते खाली आणणारच नाही. वर वर फिरवीन आणि उतरवीन. रिमोट हातात घेतला की मला विमान दिसणार नाही, दादांचे टायर दिसतील."

ओट्यावर कोणी बोलेना. मग भाऊ म्हणाले, "पस्तीस घ्या. पण रंग मी ठरवणार."

रंगावरून आणखी एक रविवार गेला. भाऊंना विमान संपूर्ण निळे हवे होते. भाची म्हणाली, निळे विमान आकाशात गेले की दिसणारच नाही, आणि लहान विमानाला हाच धोका जास्त. शंभर मीटरवर गेले की ते उलटे आहे की सुलटे, हे कळत नाही. ते कळले नाही की हात चुकीच्या बाजूला जातो. शेवटी वरची बाजू निळी आणि पांढरी, खालची बाजू पिवळ्या आणि लाल रुंद पट्ट्यांची. पंचशील ध्वजातले चार रंग आले. पाचवा भगवट रंग भाऊंनी चाकांच्या टोप्यांना दिला.

बांधायला पाच महिने लागले. मामांना मनातून सुखोईचा आकार करायचा होता. सुखोई कंपनी लढाऊ विमानांसारखीच कसरतीचीही विमाने करत असे, आणि ज्या नावावर आयुष्य गेले त्याचे विमान घरात असावे, अशी त्यांची इच्छा. पण त्या विमानाचे नाक ढोलकीसारखे गोल. फायबरमध्ये ते साचायला अवघड, म्हणून एक्स्ट्राच ठरले. पंखांचा गाभा थर्मोकोलचा. तो कापायला तापवलेली तार लागते, आणि तीच तार घेऊन भाऊंनी वीस वर्षे स्तूप आणि तोरणे कापली होती. बंदी आल्यापासून माळ्यावर पडलेले ते यंत्र खाली आले. पंखाचा वरचा आणि खालचा बाक अगदी सारखा असावा लागतो, म्हणजे विमान उलटे झाले तरी तसेच उडते. भाऊंनी पहिल्याच कापात दोन्ही बाजू जुळवल्या. वरून बाल्साचे पातळ पत्रे चिकटवले. वजन मात्र आम्हाला आवरले नाही. साडेपाच किलो ठरवले होते, पाच किलो नऊशे ग्रॅम भरले. डिंक जास्त झाला, असे मामा म्हणतात. रंग जास्त झाला, असे आम्ही म्हणतो.

जयंतीला विमान मंडपात टेबलावर ठेवले, पंखा काढून. मुलांनी शेपटीला हात लावून पाहिला. आणि पुढच्या रविवारी पहाटे दादांनी छोट्या हत्तीत वीस मुले आणि विमान असे दोन फेऱ्यांत माळावर नेले. वारा उठायच्या आत, सातला, मामांनी इंजिन चालू केले. आधी रिमोट मुद्दाम बंद करून पाहिला. संपर्क तुटला की इंजिन आपोआप बंद पडले पाहिजे. पडले. मुलांना दोरीच्या मागे, भाचीच्या पाठीशी उभे केले. मग तिने विमान सोडले.

पहिल्या दोन फेऱ्या नुसती फिरवली. तिसऱ्यांदा तिने ते सरळ वर चढवले. चढता चढता इंजिन मंद केले, विमान वर थांबले, एका पंखावर वळले आणि आले त्याच रेषेने खाली उतरले. मुले ओरडली. मामा ओरडले नाहीत, ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. नऊ मिनिटांनी उतरले. दुसरे उड्डाणही झाले. तिसऱ्या वेळी वारा आडवा सुटला होता. तिने खाली, अगदी डोक्याच्या उंचीवर, विमान उलटे नेले आणि सुखरूप सोडवले. मग उतरताना चाक मुरमातल्या दगडावर गेले. चाकांची पट्टी मुळासकट निघाली, विमान नाकावर बसले, पंखा मोडला, डाव्या पंखाचे टोक चिरले. मुले गप्प झाली. भाचीने रिमोट खाली ठेवला आणि आमच्याकडे, म्हणजे वहीकडे, पाहिले.

वहीत लिहिले आहे: लाकडी पंखा २,७००, प्लाय, डिंक, बाल्सा ७००. एकूण ३,४००. वेळ, दोन रविवार. त्या जुन्या १०४ इंचीचा हाच प्रकार झाला असता, तर एकटा कार्बनचा पंखाच दहा हजारांच्या पुढे गेला असता, आणि चिकटवलेल्या फळीचे काय झाले असते ते मामांनाच ठाऊक. तिसऱ्या रविवारी विमान पुन्हा वर होते, आणि भाचीने त्याच जागी, त्याच उंचीवर, ते पुन्हा उलटे नेले.

या गोष्टीला आता वर्ष झाले. त्या विमानाची साठावर उड्डाणे झाली. गेल्या महिन्यात भिशी पुन्हा सुरू झाली आहे, दादांच्या टेम्पोला नवे टायर आले आहेत, आणि भाऊंनी ओट्यावर साठ सीसीचा विषय काढला आहे. या वेळी कोणी आवाज चढवला नाही. मामा टेप घेऊन घरकुलाच्या जिन्यात गेले. वळणावर एक टोक भाचीने धरले, दुसरे त्यांनी.

"कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत सात फूट दोन इंच," भाची म्हणाली. "८८ इंचीचं धड सहा फूट अकरा."

"कठड्यावरचा पाइप धरलास का?"

तिने टेप पुन्हा लावली.